सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसणे: तपासणी की एकत्र अभ्यास?

खडूफळा (धागाकर्ता)

मी एका अनुदानित शाळेत पाचवी ते आठवीला गणित शिकवतो. बी.एड.च्या सराव पाठांना मागच्या बाकावर पद्धतीचे प्राध्यापक आणि चार-पाच सहाध्यायी बसलेले असत. पाठ संपला की फलकलेखन, आवाज, प्रश्नकौशल्य, वेळेचे नियोजन अशा रकान्यांत शेरे पडत आणि त्यांवर हुज्जतही होई. नोकरी लागली आणि हे सारे थांबले. आता तास चालू असताना माझ्या वर्गात मोठे माणूस येते ते एक तर सूचनावहीवर सही घ्यायला आलेले शिपाईमामा, नाही तर ठरलेले पाठनिरीक्षण उरकायला आलेले मुख्याध्यापक. शेजारच्या तुकडीला तोच अपूर्णांकांचा घटक शिकवणारे माझे सहकारी तो कसा शिकवतात, हे मला मधल्या भिंतीतून जेवढे ऐकू येते तेवढेच ठाऊक आहे.

जपानमध्ये 'जुग्यो केंक्यू' म्हणजे पाठ-अभ्यास नावाची पद्धत शाळांमध्ये शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. काही शिक्षक मिळून एका पाठाचे बारकाईने नियोजन करतात, त्यांतला एक तो पाठ प्रत्यक्ष घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे पाहतात आणि त्याच दिवशी एकत्र बसून काय घडले याची चर्चा करतात. अमेरिकेतील स्टिगलर आणि हीबर्ट या संशोधकांनी १९९९ साली याविषयी लिहिल्यानंतर ही पद्धत जपानबाहेर गाजली. त्याआधी जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतील आठवीच्या गणित वर्गांचे चित्रीकरण तपासण्यात आले होते आणि त्यातूनच हे लेखन उभे राहिले.

माझे मत असे आहे की, आपल्याकडील बहुतेक प्रशिक्षणांपेक्षा हा मार्ग अधिक उपयोगी ठरेल, कारण त्यात बोलणे आपल्याच मुलांविषयी आणि आपल्याच पाठाविषयी असते. आपल्यापैकी कोणी असे काही केले आहे का? काय आडवे आले?

जुनी_शेरेबही

मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे 'मागे बसणारा' या भूमिकेत माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपल्या व्यवस्थेत मागे बसणारा माणूस हा शेरा लिहिण्यासाठीच आलेला असतो, अशी शिक्षकाची खात्री असते आणि ती चुकीची नाही. साहेब येणार म्हटले की 'उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा आणि येत नसेल त्याने डावा' ही युक्ती आपण विनोद म्हणून सांगतो, पण असे हात मी डोळ्यांनी पाहिले आहेत. सगळा वर्ग हात वर करतो आणि बाई नेमक्या उजव्या हाताच्या मुलालाच उठवतात.

तेव्हा पहिली अडचण वेळेची किंवा पैशाची नाही, धास्तीची आहे. सहकारी मागे बसला तरी शिक्षक आपला ठेवणीतला, मुलांकडून आधी करवून घेतलेला पाठच दाखवणार. तो पाहून कोणाला काय मिळणार?

सातवी_ब

आमच्याकडे सरांचा तो ठेवणीतला पाठ इतका जुना होता की, मोठ्या भावाने घरी त्याची उत्तरे धाकट्याला आधीच सांगून ठेवली होती.

अराकावाकाठी

मी तोक्योच्या एदोगावा भागात राहते. येथे बरीच भारतीय कुटुंबे असल्याने मी एका सरकारी प्राथमिक शाळेत नव्याने आलेल्या मुलांना भाषेची मदत करण्यासाठी जाते. त्यामुळे हे पाठ मला जवळून पाहायला मिळाले.

धागाकर्त्यांनी लिहिले त्यात एक भर घालते. अशा दिवशी बाकीच्या वर्गांना दुपारी लवकर सोडतात आणि ज्या वर्गाचा पाठ असतो तेवढीच मुले थांबतात, म्हणजे शाळेतील प्रत्येक शिक्षकाला येता येते. पालकांना तशी चिठ्ठी आधीच गेलेली असते आणि कोणीही कुरकुर करत नाही. शिक्षकांचे शिकणे हा शाळेच्या कामाचाच भाग आहे, असे येथे पालकही मानतात.

मी पाहिलेला पाठ पहिलीचा होता आणि गणित होते १३ – ९. आधी वाटलेला नियोजनाचा कागद काही पानांचा होता. त्यात शिक्षक काय विचारणार यापेक्षा मुले काय काय उत्तरे देतील याचाच रकाना मोठा होता. काही मुले बोटांवर मोजतील, काही १०मधून ९ काढून उरलेल्या १मध्ये ३ मिळवतील, काही आधी ३ काढून मग १०मधून आणखी ६ काढतील, असे सगळे लिहिलेले होते आणि वर्गात जवळजवळ तसेच घडले. शिक्षिकेने प्रत्येक रीत फळ्यावर वेगवेगळ्या जागी लिहिली आणि ती रीत वापरणाऱ्या मुलांच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या शेजारी लावल्या. तास संपेपर्यंत फळा पुसला नाही, त्यामुळे पंचेचाळीस मिनिटांत वर्गाने काय विचार केला ते डावीकडून उजवीकडे वाचता येत होते.

पाहणारे शिक्षक हातात बैठकव्यवस्थेचा नकाशा घेऊन भिंतीकडेने उभे होते. एक मुलगा बराच वेळ नुसता ठोकळे रचत बसला होता. त्याच्याजवळच्या शिक्षकाने ते टिपून घेतले, पण त्याला एक अक्षरही सुचवले नाही, कारण पाहणाऱ्याने मदत करायची नाही असा नियम आहे. मला ते पाहवत नव्हते. नंतरच्या चर्चेत मात्र त्याच मुलाविषयी सर्वांत जास्त बोलले गेले. त्याने १३ ठोकळे एका ओळीत मांडले होते, दहाचा वेगळा गठ्ठा केला नव्हता. मग त्याला '१०मधून काढ' हे सुचणार कसे?

चर्चेचा दुसरा विषय होता १३ – ९च का, १२ – ३ का नाही. नऊ हा दहाच्या अगदी जवळ असल्याने मुले आपसूक दहाकडे वळतात, आणि ३ काढायचे असतील तर मागे मोजत जाणेच सोपे पडते, असा तो मुद्दा होता. एका वजाबाकीतील आकडे कोणते घ्यावेत यावर मोठी माणसे एवढी गंभीरपणे भांडताना मी प्रथमच पाहिली. चर्चेच्या शेवटी बाहेरून बोलावलेल्या अनुभवी व्यक्तीने भाष्य केले.

खडूफळा

@अराकावाकाठी, मनापासून आभार. मुलांच्या संभाव्य उत्तरांचा रकाना आपल्या टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, नसतोच. उद्दिष्टे, अध्ययन अनुभव, साहित्य, मूल्यमापन एवढे असते आणि 'विद्यार्थी प्रतिसाद' लिहायचे झाले तर सगळी मुले बरोबरच उत्तर देतात.

थेम्सकाठ

उत्साहावर थोडे पाणी ओतण्याचे काम करतो, राग नसावा. मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. येथील तपासणी संस्था ऑफस्टेड पूर्वी प्रत्येक पाहिलेल्या पाठाला श्रेणी देत असे. २०१४मध्ये ते बंद झाले, कारण एका पाठातील थोडा वेळ पाहून दिलेली श्रेणी भरवशाची नसते असा आक्षेप सातत्याने घेतला जात होता. एकच पाठ दोन निरीक्षकांनी पाहिला तर श्रेणी वेगळी येऊ शकते. तेव्हा 'तपासणी' या अर्थाने पाहणे निरुपयोगी आहे, येथपर्यंत आपले एकमत होईल.

पण पाठ-अभ्यासाच्या बाजूनेही पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही. येथे अनेक प्राथमिक शाळांमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली आणि २०१७मध्ये आलेल्या अहवालानुसार मुलांच्या गणित आणि वाचनाच्या गुणांत त्यामुळे सुधारणा झाल्याचे दिसले नाही. तुलनेसाठी घेतलेल्या काही शाळांतही शिक्षक एकमेकांचे पाठ पाहत होते, हे मान्य केले तरी निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. शिक्षकांना आवडले म्हणजे मुलांना लाभले असे होत नाही.

अराकावाकाठी

@थेम्सकाठ, आपला आक्षेप योग्य आहे, पण येथील शिक्षकांना विचारले तर ते म्हणतात की, एका पाठाने मुलांचे गुण वाढावेत अशी अपेक्षाच मुळात नसते. शिक्षकाची नजर तयार होते आणि ती पुढच्या सगळ्या तासांना उपयोगी पडते, असे त्यांचे म्हणणे असते. अर्थात 'नजर' मोजायची कशी, हा प्रश्न राहतोच. जपानमध्येही हे सर्वत्र उत्तम चालते असे नाही. कित्येक ठिकाणी ते उपचारापुरते उरते आणि माध्यमिक स्तरावर विषय वेगवेगळे असल्याने शिक्षक परस्परांच्या वर्गात जायला तितकेसे राजी नसतात. जपानी शिक्षणतज्ज्ञ मानाबू सातो यांनी १९९८मध्ये चिगासाकी येथे सुरू झालेल्या हामानोगो प्राथमिक शाळेच्या निमित्ताने जो आग्रह धरला तो यासाठीच होता. चर्चेत शिक्षकाने काय चांगले किंवा वाईट केले हे बोलायचेच नाही, कोणते मूल कोठे शिकले आणि कोठे अडखळले एवढेच बोलायचे.

हातचा_एक

सगळे मान्य आहे, पण हे करणार कधी? आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता आहेत. शिक्षणहक्क कायद्यानुसार साठ पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे यात कोणाची चूकही काढता येत नाही. मी सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसलो तर माझ्या दोन इयत्तांकडे कोण पाहणार? त्यात मतदारयादीचे काम, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे हे आहेच. नवीन शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. ते तास बहुधा मोबाईलवर चित्रफिती पुढे ढकलण्यातच संपणार.

मांडवीपार

@हातचा_एक, तुमच्याकडे निदान दोन तरी आहेत. आमच्या गोव्यात कितीतरी सरकारी मराठी प्राथमिक शाळा एकशिक्षकी आहेत. मी पाहायचे म्हटले तर आरशातच पाहावे लागेल.

गुलाबी_तक्ता

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि आमच्या केंद्रातील काही जणींनी हे सुरू केले आहे, म्हणून वेळेविषयी आधी लिहिते. शनिवारी सकाळची शाळा असते. मुले घरी गेल्यावर दुपार मोकळी मिळते, ती चर्चेला वापरतो. पाठ मात्र शाळेच्या वेळेतच पाहावा लागतो. त्यासाठी जवळच्या दोन शाळांनी आपली मुले एका शाळेत आणली, म्हणजे एक शिक्षिका पाठ घेते, एक लहान इयत्तांना परिसरात घेऊन जाते आणि दोघी पाहू शकतात. केंद्रप्रमुखांनी महिन्याच्या शिक्षण परिषदेतील थोडा वेळही आम्हाला दिला. एरवी तो परिपत्रके वाचून दाखवण्यात जातो. @मांडवीपार, एकशिक्षकी शाळांना शेजारची शाळा जोडून घेणे हाच उपाय दिसतो.

आता एका पाठाविषयी. चौथीचा घटक होता अपूर्णांकांची तुलना, आणि प्रश्न होता एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश. चारजणींनी मिळून ठरवले की, कागदाच्या पट्ट्या घडी घालून मुलांनी स्वतःच शोधावे. मुले म्हणतील 'चार मोठे म्हणून एक चतुर्थांश मोठा', हे आम्ही धरून चाललो होतो, आणि पट्टी पाहिली की ही समजूत सुटेल असेही वाटत होते. पाठ घेणाऱ्या ताई फळ्याजवळून पाहत होत्या, त्यांना सगळा वर्ग कामात रमलेला दिसत होता. मी खिडकीजवळच्या गटापाशी बसले होते. तेथील एका मुलीची चौघडीची पट्टी शेजारणीच्या तिघडीच्या पट्टीपेक्षा लांब निघाली होती, कारण जुन्या वहीची पाने आम्ही घाईत हाताने फाडली होती. तिने आपला चौथा भाग शेजारणीच्या तिसऱ्या भागाशेजारी ठेवला, तो खरोखरच मोठा होता, आणि तिने अगदी आत्मविश्वासाने वहीत लिहिले: 'एक चतुर्थांश मोठा'. तिच्या हातातल्या पुराव्यानुसार ती बरोबरच होती!

फळ्याजवळ उभे राहून हे कधीच दिसले नसते. दुपारी एकीचे म्हणणे पडले की, पट्ट्या कात्रीने सारख्या कापून द्याव्या म्हणजे प्रश्न मिटला. दुसरीने अडवले. 'सारख्या दिल्या तर प्रश्न मिटेल, पण पूर्ण सारखा असेल तरच भागांची तुलना करता येते, हे मुलांना कधी कळणार?' पुढे दुसऱ्या शाळेत तोच पाठ घेतला तेव्हा आधी सारख्या पट्ट्या दिल्या आणि शेवटची दहा मिनिटे मुद्दाम एक लांब व एक आखूड पट्टी देऊन 'आता सांगा' असे विचारले. वर्गात दोन तट पडले. शेवटी एक मुलगा म्हणाला, 'बाई, लहान भाकरीची अर्धी आणि मोठ्या भाकरीची पाव कशी मोजायची?' त्यानंतर बाईंना फारसे बोलावे लागले नाही.

जुनी_शेरेबही

@गुलाबी_तक्ता, हा प्रतिसाद जपून ठेवला. चौथ्या भागाचे असे उत्तर तपासणीच्या वेळी माझ्यासमोर आले असते तर मी 'मुलांच्या संकल्पना अस्पष्ट' असा शेरा मारून पुढच्या वर्गात गेलो असतो. आम्हाला दिलेल्या नमुन्यात तेवढीच जागा असे.

आणखी एक गोष्ट आठवते. २०१५च्या सुमारास 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्य शासनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील (बीट म्हणजे शाळांचा एक गट) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याचे, वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. शिक्षकांनी शिक्षकांचे वर्ग पाहण्याची एवढी मोठी लाट मी तरी दुसरी पाहिली नाही. परंतु एका दिवसात पाहून येणाऱ्यांपैकी बरेच जण फरशीवरच्या आकृत्या तेवढ्या घेऊन आले. गावोगावी फरश्या रंगल्या, आणि त्या आकृत्यांवर मुले नेमका कोणता विचार करतात हे मात्र फार थोड्यांनी विचारले. ज्यांनी विचारले त्यांचे वर्ग आजही वेगळे दिसतात.

स्वायत्त_शिक्षक

मला हे सारे वाचून थोडी धास्ती वाटते, ती मोकळेपणाने मांडतो. आज चार मैत्रिणी स्वखुशीने करत आहेत तोवर छान आहे. उद्या कोणाला ते आवडेल, परिपत्रक निघेल, नमुना येईल, 'दरमहा दोन पाठ-अभ्यास, छायाचित्रांसह अहवाल अपलोड करावा' असे होईल आणि त्या नोंदी गोपनीय अहवालाच्या वेळी बाहेर येतील. आमच्या संस्थेत एका सहशिक्षिकेच्या पाठाविषयी स्टाफरूममध्ये निर्हेतुकपणे झालेले बोलणे वरपर्यंत पोहोचले आणि पुढे बराच मनस्ताप झाला. वर्ग ही शिक्षकाची थोडीफार मोकळी अशी शेवटची जागा उरली आहे.

थेम्सकाठ

@स्वायत्त_शिक्षक यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. येथेही 'सहकारी निरीक्षण' या गोंडस नावाखाली तपासणीच आणली गेल्याची उदाहरणे आहेत. मात्र गुलाबी_तक्ता यांच्या पट्टीच्या प्रसंगाने माझा आक्षेप काहीसा सैल केला हेही सांगायला हवे. पाठ एकीचा नव्हता, चौघींचा होता, त्यामुळे कमी पडला तो पाठ, ताई नव्हेत. माझ्या शाळेत हे उलटे होते. पाठ शिक्षक एकट्याने तयार करतो आणि मग सगळे मिळून पाहायला येतात.

वृत्तबद्ध

गणितात 'उत्तर चुकले कोठे' हे दिसते, म्हणून हे जमते. मी नववी-दहावीला मराठी शिकवते. कविता शिकवताना मुलाच्या वहीत डोकावून मला काय दिसणार? बहुधा मी सांगितलेलाच भावार्थ.

गुलाबी_तक्ता

@वृत्तबद्ध, तेच तर पाहण्यासारखे आहे! कविता वाचून झाल्यावर, आपण काही सांगण्याआधी, मुलांना एक ओळ निवडून तिच्याविषयी दोन वाक्ये लिहायला सांगा आणि सहकारी शिक्षिकेला तीन-चार मुलांच्या मागे बसवा. मुले काय लिहितात यापेक्षा काय लिहून खोडतात ते तिला टिपू द्या. आमच्या एका माध्यमिक मैत्रिणीने असे केले, तेव्हा शिक्षिका बोलायला लागताच मुलांनी स्वतःचे वाक्य खोडून बाईंचे लिहिल्याचे दिसले. आता ती भावार्थ दुसऱ्या दिवशीच्या तासाला सांगते.

वृत्तबद्ध

हे मात्र झोंबले. करून पाहीन.

खडूफळा

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी शेजारच्या तुकडीच्या सरांशी बोललो. ते आधी हसले, मग म्हणाले, 'माझ्या वर्गात नको, आधी तुमच्या वर्गात.' ते रास्तच आहे. विषय घेतला आहे ऋण संख्यांची वजाबाकी, कारण 'उणे उणे अधिक' हा मंत्र दोघांचीही मुले पाठ म्हणतात आणि – ५ – ३चे उत्तरही त्याच मंत्राने ८ काढतात. विज्ञानाच्या बाई तिसऱ्या म्हणून यायला तयार आहेत. त्यांचा त्या वेळी ऑफ तास असतो, आणि सरांचा तास कलाशिक्षकांबरोबर बदलून घेतला आहे.

दोन प्रश्न आहेत. मुख्याध्यापकांना वर्गात बसू द्यावे का? आणि लेखी नोंद ठेवायची की नाही?

जुनी_शेरेबही

परवानगी त्यांचीच लागणार, तेव्हा आधी सांगावे, पण पहिल्या पाठाला बोलावू नये. ते बसले की मुले ताठ बसतात आणि आपल्याला हवी ती चूक कोणी करतच नाही. पुढे बोलावलेत तर त्यांनाही इतरांसारखाच एका गटाजवळचा स्टूल द्या, खुर्ची देऊ नका.

स्वायत्त_शिक्षक

नोंद ठेवा, पण ती पाठाची असू द्या. वर शिक्षकाचे नाव, तारीख, तुकडी काही नको. घटक, विचारलेला प्रश्न, मुलांची उत्तरे जशीच्या तशी, आणि पुढच्या वेळी काय बदलायचे एवढेच लिहा. तो कागद तिघांच्या टाचणवह्यांत राहील, कार्यालयाच्या फाईलमध्ये जाणार नाही, हे पाठाआधीच ठरवून घ्या. या अटीवर माझ्या वर्गातही कोणी यायला माझी हरकत नाही.

अराकावाकाठी

– ५ – ३साठी मुले कोणकोणती उत्तरे देतील आणि का, त्याचा रकाना आधी येथे टाकाल का? ८ आणि – २ तर नक्की येतील. बाकीची आम्ही सगळे मिळून सुचवतो.

खडूफळा

रविवारी रात्री टाकतो. २ हे उत्तरही धरा, मागच्या वर्षी पाचातून तीन वजा करून चिन्ह सोडून देणारी मुले मागच्या रांगेत बरीच होती.